'बाबा गाडीखाली गेले' असंच सांगत आलो

पत्र थोडक्यात (वय, गाव, जेल, साल यातलं बरंच काही काढलंय किंवा बदललंय):

कळव्याला राहणारे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्स बघतात. घरात बायको, पंचवीस वर्षांची मुलगी आणि ऐंशीला टेकलेली आई. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांना फाशी झाली. गावात बांधावरून भांडण पेटलं होतं, वडिलांच्या हातून भावकीतली दोन माणसं गेली, केस चालली, दयेचा अर्ज फेटाळला गेला. नंतर आईने दोन्ही पोरांना रातोरात मामाकडे कळव्याला आणलं, शाळेत मामाचं आडनाव लावलं आणि 'बाबा गाडीखाली गेले' हे वाक्य दोघांकडून पाठ करून घेतलं. आजपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलंय, बायकोलाही. आता मुलीचं लग्न ठरलंय, दीड महिन्यावर साखरपुडा आहे, आणि बैठकीत मुलाच्या मामांनी 'तुमचं मूळ गाव कुठलं हो?' असं विचारलं तर ते नेमके त्याच तालुक्यातले निघाले. सांगितलं तर लग्न मोडेल, नाही सांगितलं तर उद्या दुसरं कोणीतरी सांगेल आणि फसवलं म्हणतील. मुलाकडच्यांना आधीच सांगून टाकू का, असं ते विचारतात. आणि शेवटी लिहितात, 'मुलगी वकील झालीये, जजची परीक्षा देणार म्हणते, तिला हे कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल?'

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सोपं आहे, सांगून मोकळे व्हा, संपलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सहा पानांत मुलाकडच्यांचा उल्लेख पानोपानी आहे, त्याचे मामा काय म्हणतील, त्याची आई काय म्हणेल, बिल्डिंगमध्ये काय होईल, आणि तुमच्या बायकोचा उल्लेख मात्र दोनदाच, एकदा 'मिसेसला बीपी आहे' आणि एकदा 'मिसेसलाही तेच सांगितलंय'. सत्तावीस वर्षं एका छपराखाली राहून. मी दोष देत नाहीये, खरंच नाही, पण तुम्ही जो प्रश्न विचारलाय त्याच्या खाली दुसराच एक प्रश्न दबलाय असं मला वाटतं आणि मी आधी त्याच्याबद्दल बोलणार आहे, साखरपुड्याचं नंतर.

आठ वर्षांच्या पोराचा बाप गेला की एरवी काय होतं बघा. माणसं येतात, कोणीतरी पिठलं-भात आणून देतं, शेजारची बाई पोराला मांडीवर घेते, दहावा-तेरावा होतो, शाळेत बाई जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवतात. पोराला सगळं समजत नाही पण एवढं समजतं की काहीतरी मोठं झालंय आणि आपल्याला रडायला मुभा आहे. तुमच्याकडे यातलं काय झालं? शेवटची भेट झाली, मग कळलं की झालं, बॉडी आणायला गाडीचे पैसे नव्हते आणि गावात आणू देणार नाही असं भावकीने आधीच सांगून ठेवलेलं म्हणून सगळं तिकडेच उरकलं गेलं. तेरावा नाही, भिंतीवर फोटो नाही, चाळीत मोठ्याने रडायचं नाही कारण पलीकडे ऐकू जाईल. आणि वर ते वाक्य पाठ करायचं. स्वतःच्या बापाचं मरण बदलून सांगायला एका आठ वर्षांच्या पोराने शिकायचं, आणि इतकं नीट शिकायचं की पुढे जन्मभर कोणाला संशय येऊ नये.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली अशा दुःखाला एक नाव दिलं, मराठीत म्हणायचं तर मान्यता नसलेलं दुःख. म्हणजे माणूस तुमचा गेलेला असतो पण आजूबाजूचे लोक ते दुःख दुःख म्हणून मोजतच नाहीत, म्हणून तुम्ही ते उघडपणे करू शकत नाही, आणि जे करता येत नाही ते संपतही नाही. फाशी गेलेल्या माणसाच्या पोरांचं याहून अवघड असतं, कारण त्यांना मरण लपवावं तर लागतंच, शिवाय त्या मरणाचा बाहेर आनंद होत असतो.

म्हणूनच तुम्ही 20 मार्च 2020 च्या सकाळबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी थांबले. पहाटे साडेपाचला तिहारमध्ये निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेले मेसेज आले, कोणीतरी पेढे वाटूया म्हणालं, आणि तुम्ही बाथरूममध्ये जाऊन ओकलात आणि घरी ॲसिडिटी सांगितलंत. पुढे लिहिलंय, 'मी त्या नराधमांच्या बाजूचा नाही हो, तरी मला असं का झालं, म्हणजे मी पण त्यातलाच का?' नाही दादा. तुमच्या पोटाने फक्त पहाट ओळखली, जेल ओळखलं आणि बाहेरचा आनंद ओळखला. त्या सकाळी तुमच्या आतला आठ वर्षांचा मुलगा जागा झाला होता, पन्नाशीतला माणूस बिचारा त्याला सांभाळत होता. त्या चौघांपैकी एकाला बायको होती आणि लहान मुलगा होता. त्या मुलाने काही केलं नव्हतं. एवढं म्हणायला त्या चौघांबद्दल दया असावी लागत नाही आणि त्या मुलीच्या आईबापाचं दुःख त्याने जराही हलकं होत नाही. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात, मी गेली वीस वर्षं माणसांच्या समोर बसते, राहताना बघितल्या आहेत.

आता ते 'रक्त'. तुम्ही लिहिलंय की आयुष्यात कोणावर हात उचलला नाही, घरात आवाज चढायला लागला की चप्पल घालून खाडीच्या बाजूला चालत सुटता, मुलगी लहान असताना ती हट्ट करायला लागली की तुम्हीच खोलीबाहेर जायचात, बायको तुम्हाला 'थंड' म्हणते, आणि हे सगळं का, तर 'आपल्या रक्तात काय आहे ते मला माहितीये'. काय आहे? रागीट स्वभाव थोडाफार घराण्यातून येतो, दारूची ओढ येते, हे खरं आहे, पण कोणाच्या रक्तात खून नसतो. खून व्हायला वर्षानुवर्षांचं वैर लागतं, तो बांध लागतो, हाताशी कोयता लागतो, अडवणारं माणूस त्या घडीला जवळ नसावं लागतं, आणि शेवटी त्या माणसाने वार करायचं ठरवावं लागतं. ते तुमच्या वडिलांनी ठरवलं. तुम्ही नाही. तुम्ही तर चाळीसहून जास्त वर्षं स्वतःवर पहारा देताय, आणि त्या पहाऱ्याची किंमत तुमच्या बायकोने आणि मुलीने भरलीये, कारण ज्या माणसाला स्वतःच्या रागाची भीती वाटते तो हळूहळू लाडाने जवळ घ्यायलाही बिचकायला लागतो. तुम्हीच लिहिलंय की मुलगी म्हणते, 'बाबा चांगले आहेत पण आत काय चाललंय कळत नाही.'

एक खरी गोष्ट सांगते, लांबची आहे पण तुमच्या कामाची आहे. अमेरिकेत ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या नवरा-बायकोला 19 जून 1953 ला सिंग सिंग जेलमध्ये एकाच दिवशी विजेच्या खुर्चीत बसवून मारलं, रशियाला अणुबॉम्बची गुपितं दिली असा आरोप. त्यांची दोन मुलं, थोरला मायकल दहा वर्षांचा, धाकटा रॉबर्ट सहा. नातेवाईक त्यांना घरात घ्यायला घाबरत होते. शेवटी मीरोपोल नावाच्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतलं, आडनाव बदललं, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं बाहेर कोणाला कळू न देता ती मुलं वाढली, शिकली, त्यांची लग्नं झाली, पोरं झाली. सत्तरच्या दशकात दोघांनी ठरवलं की बास झालं, आणि आम्ही कोणाची मुलं आहोत ते उघडपणे सांगितलं. मग आईबाप निर्दोष होते म्हणून वर्षानुवर्षं लढले. आणि मग 2008 साली त्याच खटल्यातल्या एका जुन्या सहआरोपीने कबूल केलं की ज्युलियस खरंच हेरगिरी करत होता. म्हातारपणाकडे झुकलेल्या दोन मुलांनी ते ऐकलं आणि मान्य केलं की हो, वडिलांनी ते केलं होतं. आईची बाजू मात्र ते लढतच राहिले. वडील दोषी ठरले म्हणून त्यांनी वडिलांना बापपणातून काढून टाकलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या पत्रात तुम्ही एका जागी लिहून खोडलंय, पण खोडलेलं वाचता येतं, 'त्यांची आठवण येते याची लाज वाटते.' कशाची लाज? तुमच्या वडिलांनी दोन माणसं मारली हे खरं, आणि शेवटच्या भेटीत त्यांनी तुमची शुद्धलेखनाची वही मागून घेतली आणि 'आशीर्वाद' मधला रफार चुकलेला दाखवला हेही खरं. तुम्हाला दोन्ही माहिती आहे. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं विसरायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही, कोर्टानेसुद्धा नाही.

तुमच्या ताईंचं वेगळं आहे. त्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, तुम्ही लिहिलंय की उलव्याला असतात आणि विषय निघाला की फोन ठेवतात, 'तो माणूस' म्हणतात, बाबा म्हणत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीने विहिरीवर, शाळेच्या वाटेवर काय काय ऐकलं असेल ते तुम्हाला माहीत नाही, कदाचित त्या रात्री काय बघितलं तेही माहीत नाही. एकाच घरातल्या दोन पोरांचे दोन वेगळे बाप असतात दादा. त्यांना तुमच्यासारखं वाटायला लावू नका आणि स्वतःला त्यांच्यासारखं वाटून घेऊ नका. फक्त मुलीला सांगण्याआधी त्यांना एक फोन करा, परवानगी मागायला नाही, कळवायला, म्हणजे भाचीचा फोन गेला तर त्या गोंधळणार नाहीत.

आणि ती जेलची भिंत. कळव्याहून पूल उतरून ठाण्यात शिरताना ती लागते आणि तुम्ही मोबाईलमध्ये डोकं घालता, मोबाईल नव्हते तेव्हा उलट्या बाजूला बघायचात, वडील त्या जेलमध्ये नव्हते तरीही. त्याच भिंतीच्या आत 1848 साली राघोजी भांगऱ्यांना फाशी झाली, 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना झाली, ठाणेकर त्यांचं नाव मान वर करून घेतात. मी बरोबरी करत नाहीये, अजिबात नाही, ती माणसं देशासाठी गेली आणि तुमच्या वडिलांच्या हातून दोन घरं उद्ध्वस्त झाली. मी फक्त मागे राहिलेल्या घराकडे बघतेय. फाशीची बातमी एका घराला पिढ्यानपिढ्या अभिमानाने सांगता येते, दुसऱ्या घराला आडनाव बदलून पळावं लागतं, आणि दोन्हीकडच्या लहान पोराचं त्यात कर्तृत्वही नसतं आणि गुन्हाही नसतो. तुमच्या वाट्याला जी लाज आली ती तुम्ही कमावलेली नाही, तुम्ही फक्त ती इतकी वर्षं सांभाळून ठेवलीये.

तुमच्यासारखी मुलं आहेत हे जगाच्या लक्षातच फार उशिरा आलं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत 1992 मध्ये सामील झाला, आईवडिलांच्या कृत्यांमुळे मुलाला शिक्षा किंवा भेदभाव होता कामा नये असं दुसऱ्याच कलमात म्हटलंय. पण फाशी झालेल्यांच्या मुलांवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने वेगळी चर्चा ठेवली ती 2013 मध्ये, आणि फाशीविरोधी जागतिक दिनाचा विषय म्हणून ही मुलं घेतली गेली ती 2019 मध्ये. आपल्याकडे 2013 साली अफझल गुरूला फाशी दिली तेव्हा घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट फाशी झाल्यावर पोचलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2014 मध्ये, शत्रुघ्न चौहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीआधी निदान 14 दिवस द्यायचे आणि घरच्यांची शेवटची भेट घडवायची. तुम्हाला भेट मिळाली ती कोणा जेलरच्या माणुसकीने मिळाली असेल. पण भेटीनंतर त्या पोराचं काय, त्याला कोण बघणार, याबद्दल तेव्हाही कोणाकडे काही नव्हतं आणि आजही फारसं नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. आपण फाशी हवी की नको यावर तावातावाने बोलतो, तुमची मुलगीही बोलत असेल, पण त्या घरातली चिल्लीपिल्ली दुसऱ्या दिवशी शाळेत कशी गेली हे कोणी विचारत नाही.

बरं, आता काय करायचं.

माझ्या मते क्रम असा असावा, आई, मग बायको, मग मुलगी. मुलाकडचे या यादीत नाहीत, ते मुलीच्या यादीत आहेत.

आईपासून का? कारण हे गुपित तिचं आहे, तुम्ही फक्त वारस आहात. ऐंशी वर्षांची ती बाई, पोरांना घेऊन अंधारात एसटीत बसली, धुणीभांडी केली, आणि ते खोटं तिने तुम्हाला जगवण्यासाठी रचलं, तेव्हा ते बरोबरच होतं, मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्ही लिहिलंय की ती दरवर्षी पितृपक्षात सर्वपित्रीलाच पान ठेवते. सर्वपित्रीला आपण त्यांचं करतो ज्यांची तिथी माहीत नसते किंवा चुकलेली असते. तिला तिथी माहीत आहे दादा, तारीख-वार-वेळ सगळं माहीत असणार, ती फक्त कोणी विचारू नये म्हणून गर्दीच्या दिवशी नवऱ्याचं पान ठेवते. आपल्या पंचांगात अपघाताने, शस्त्राने, अशा अवेळी मरणाने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी वेगळी ठेवलेली आहे, घातचतुर्दशी म्हणतात. म्हणजे आपल्या जुन्या माणसांनीसुद्धा अशा मेलेल्यांना दारातून हाकललेलं नाही. तिला हळूच विचारा, यंदा त्या दिवशी ठेवूया का. तिथून बोलणं सुरू होईल. 'आता मुलीला सांगू का' हे त्यानंतर. ती नको म्हणाली, रडली, चिडली, तरी ऐकून घ्या, दोन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा बोला. शेवटचा निर्णय तुमचा, कारण पुढची वर्षं तुम्हाला जगायचीत, पण तिला न सांगता करू नका, तिच्या पाठीमागे एकदा सगळं जग बोललंय, आता घरातल्यांनी तरी बोलू नये.

बायकोला एकटीला सांगा, मुलीच्या आधी. बीपीचं कारण देऊ नका, गोळी चालू आहे ना, मग झालं. तिला धक्का फाशीचा कमी बसेल आणि सत्तावीस वर्षं सांगितलं नाही याचा जास्त बसेल, त्याची तयारी ठेवा. ती विचारेल, 'माझ्यावर विश्वास नव्हता का?' त्यावर खरं उत्तर द्या, की विश्वासाचा प्रश्न नव्हता, आठ वर्षांचा असताना शपथ घातली होती आणि नंतर कधी सांगायचं ते कळलंच नाही. एवढंच. तिला माहेरच्यांना सांगावंसं वाटलं तर मुलीला कळेपर्यंत थांब एवढं मागा.

मुलीला सांगताना सुट्टीचा दिवस बघा, सकाळची वेळ, टीव्ही बंद, फोन बाजूला. लोकलमध्ये नाही, जेवताना नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. पहिल्या दोन वाक्यांत सगळं सांगून टाका, 'तुझे आजोबा अपघातात गेले नाहीत, त्यांनी दोन माणसं मारली होती आणि त्यांना फाशी झाली, मी आठ वर्षांचा होतो.' घोळवू नका, 'जेलमध्ये वारले' असं अर्धवट तर अजिबात नको, अर्धं खरं सांगितलं की उरलेलं ती शोधणार. वकील आहे ती. फाशीच्या प्रत्येक शिक्षेला हायकोर्टाची मंजुरी लागते, म्हणजे कुठेतरी निकालपत्र असणारच, आणि एक दिवस तिला ते वाचावंसं वाटणार. तेव्हा म्हणा की तुला वाचायचं असेल तर बरोबर वाचू. तुम्हीही कधी वाचलेलं नाही ना? त्यात त्या दोघांची नावं असतील. तुमच्या पत्रात ते 'भावकीतले दोघे' एवढेच आहेत, मला वाटतं तुम्हाला त्यांची नावं माहीत असायला हवीत, त्यांच्याही मागे पोरं राहिली असणार, तीही बिनबापाची वाढली. पण म्हणून गावात जाऊन त्यांचं दार वाजवू नका. त्याने तुमचं मन हलकं होईल, त्यांचं काय होईल ते आपल्याला माहीत नाही. त्यांच्याकडून कोणी कधी बोलायला आलं तर ऐकून घ्या, त्याच्या पलीकडे त्यांच्याकडून काही मागू नका.

मुलगी गप्प बसेल, किंवा पटापट प्रश्न विचारेल, किंवा फाशीबद्दल आधी काहीतरी बोललेली आठवून तिला ओशाळल्यासारखं होईल. तिला तिची मतं बदलायला लावू नका. ती फाशीच्या बाजूची असली तरी तुमची मुलगी आहे. आणि 'माझ्याकडे कशी बघेल' असं तुम्ही विचारता ना, तर इतकी वर्षं ती एका बंद दाराकडे बघत आलीये, आत काय चाललंय कळत नाही असं तीच म्हणते. पहिल्यांदा तिला कळेल की बाबा भांडणातून उठून चालायला का जातात.

तिच्या करिअरची भीती मात्र काढून टाका. जजची परीक्षा असो की कुठलीही सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी उमेदवाराची होते, त्याच्यावर स्वतःवर गुन्हा आहे का ते बघतात, आजोबांवर होता का ते नाही. पासपोर्टचंही तसंच.

आता मुलाकडचे. कायद्याने किंवा रीतीने मुलीच्या आजोबांचा पन्नास वर्षांपूर्वीचा गुन्हा ही स्थळाच्या माहितीत द्यायची बाब आहे असं मला वाटत नाही, त्यामुळे 'फसवलं' हा शब्द तुम्ही स्वतःच स्वतःला लावू नका. पण मामा त्याच तालुक्यातले आहेत, तिकडे असल्या गोष्टी तीन पिढ्या विसरत नाहीत, मंडपात कोणीतरी कुजबुजण्यापेक्षा घरातून कळलेलं कधीही बरं. ते तुम्ही जाऊन त्याच्या आईवडिलांसमोर हात जोडून सांगायचं नाही. लग्न तिचं आहे, नवरा तिचा होणार आहे, ती त्याला सांगेल, तिला जमेल तेव्हा, तिच्या शब्दांत, साखरपुड्याआधी, आणि तो त्याच्या घरी. तिने बोलावलं तर तुम्ही जा. मोडेल का? मोडू शकतं. मी खोटी आशा दाखवणार नाही, अशी लग्नं मोडलेली मला माहिती आहेत, टिकलेलीही माहिती आहेत. मोडलं तर घरात महिना-दोन महिने वाईट जातील, हॉलचं डिपॉझिट जाईल, लोक विचारतील. पण जे घर आजोबांच्या गुन्ह्यासाठी पोरीला नाकारतं त्या घरात तिने ते लपवून आयुष्य काढावं, म्हणजे तुम्ही जे केलंत ते तिनेही करावं, असं तुम्हाला वाटतंय का? नीट विचार करा, मला तुमचं उत्तर काय असेल ते पत्रावरूनच दिसतंय.

एक गोष्ट तुमच्या एकट्यासाठी. हे सगळं बोलायला लागलात की झोप उडेल, पहाटे जाग येईल, कदाचित पुन्हा पोट बिघडेल. दबलेलं वर यायला लागलं की असं होतं. तेव्हा एकटे राहू नका. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून मानसिक आरोग्याचं काम करते, तिथे मराठीत नीट बोलता येतं. घरून बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत. नाव सांगावं लागत नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात आज कोणी जेलमध्ये आहे, जन्मठेप असो, फाशीची शिक्षा असो की केस चालू असो, त्यांच्यासाठी थोडं. काही वर्षांपूर्वी तुर्भ्यातली एक दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे यायची, घरच्यांनी तिला 'पप्पा दुबईला गेलेत' असं सांगितलेलं, आणि वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर पप्पांची बातमी दाखवली. ती मला म्हणाली, पप्पांचं वाईट वाटलंच, पण आता आई जे सांगेल त्यातलं खरं कुठलं ते कळत नाही. पोरांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं सांगा, पण खरं सांगा, आणि घरच्या माणसाकडून सांगा. 'पप्पांच्या हातून मोठी चूक झाली, कोर्टाने त्यांना जेलमध्ये ठेवलंय, तुझ्यामुळे नाही, आणि ते तुझे पप्पा आहेत' एवढं पुरतं सहा-सात वर्षांच्या पोराला, पण ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एकदा सांगून भागत नाही. त्याला जायचं असेल तर जेलमध्ये भेटीला न्या, जायचं नसेल तर ओढू नका. शाळेतल्या एका तरी शिक्षकाला विश्वासात घ्या. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' प्रकल्प मुंबई-ठाण्याच्या भागात कैदी आणि त्यांच्या घरच्यांसोबत वर्षानुवर्षं काम करतोय, त्यांना गाठा. पैशाची ओढाताण असेल तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिना 2250 रुपये मुलाच्या संगोपनासाठी मिळतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा, कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात पण सोडू नका. आणि शेजाऱ्यांनो, शिक्षकांनो, त्या पोराला तुमच्या पोरांसोबत खेळू द्या. बास, एवढंच मागणं आहे.

दादा, दीड महिना आहे म्हणता. या रविवारी आईजवळ बसा. दुपारी ती तांदूळ निवडायला बसते असं तुम्हीच लिहिलंय, ताट तिच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा, हाताला काम असलं की म्हाताऱ्या माणसांना बोलायला सोपं जातं. आणि मुलीला सांगाल त्या दिवशी ती शुद्धलेखनाची वही दाखवा. ती तुम्ही कुठे ठेवलीये ते पत्रात लिहिलेलं नाही, पण टाकलेली नाही एवढं मला कळलं.